मार खाणाऱ्या बाईस छप्पर कोणी द्यावे?

(महिला ग्रामसभेच्या आदल्या दिवशी गावच्या चावडीपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



उद्याच्या सभेत गटार, नळ व दिवाबत्ती यांवर बोलणे होईलच, आणि ते व्हावे. परंतु एक विषय आपल्या गावच्या पत्रिकेवर आजवर आला नाही. रात्री नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेल्या बाईने जावे कोठे?

माहेरी जावे तर तेथे सांगतात, ‘दिल्या घरी नांद.’ शेजारी कडी काढीत नाही, कारण उद्या नवरा त्याच्याच दाराशी येऊन भांडेल. मग उरते एस. टी. स्टँडचे बाकडे, नाहीतर विहीर. नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी, अशी म्हण आमच्या लोकांनी करून ठेवली आहे. पावसाचे एक असो. परंतु नवऱ्यास पावसाच्या पंगतीस बसविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

कोणी म्हणेल, मास्तर, हे चार भिंतींआडचे आहे. तर ऐका. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने केलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील लग्न झालेल्या दर चार बायांपैकी एकीने नवऱ्याचा मार वा छळ सोसल्याचे सांगितले. देशभरात असा मार सोसणाऱ्या शंभरांपैकी अवघ्या चौदा जणींनी कोणाची मदत मागितली. चार घरांमागे एका घराची भिंत पडत असती, तर पंचायतीने तीस खाजगी बाब म्हटले असते काय? आणि त्या भिंतींआड मुलेही असतात. रात्रभर जागलेले मूल सकाळी पाटीवर मान टाकते, तेव्हा त्याची झोप कोठे गेली हे आम्हां मास्तरांस पुसावे लागत नाही.

हा विचार आम्ही परक्याकडून उसना आणलेला नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवेस ‘तू अशी का झालीस’ हा प्रश्न तेथे नव्हता. आधी छप्पर, मग बाकीचे. शाहू छत्रपतींनी १९१९ साली करवीर राज्यात स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदाच केला. म्हणजे बाईचा छळ हा घरचा मामला नसून राज्याचा मामला आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच आमच्या मातीत ठरले होते.

आता दुसऱ्या एका देशाकडे पाहू. इंग्लंडात १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात मारकुट्या नवऱ्यापासून पळालेल्या बायांसाठी पहिले आश्रयघर निघाले. पुढे पन्नास वर्षे अशी घरे बहुतांशी देणगीवर व सरकारच्या मर्जीवर चालली. २०२१ साली तेथे घरगुती छळाचा कायदा झाला. त्याने मोठ्या स्थानिक परिषदांवर हे कर्तव्यच घातले की, आपल्या हद्दीत किती बायांस व मुलांस सुरक्षित निवाऱ्यातील आधार लागतो त्याची मोजदाद करावी, त्याची योजना छापून प्रसिद्ध करावी व तो आधार पुरवावा. लहान परिषदांनी त्यांस साह्य करावे. छळामुळे बेघर झालेल्या बाईस घर देताना अग्रक्रम मिळतो. सकाळच्या न्याहारीसह मिळणारी लॉजातील खोली हा सुरक्षित निवारा मानला जात नाही. तेथेही सर्व आलबेल आहे असे नव्हे. परंतु बाईस छप्पर देणे हे दान नसून गावकारभाराचे कर्ज आहे, एवढे तेथील कायद्याने कबूल केले.

आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून चालू आहे. तो चांगला आहे. घर नवऱ्याच्या नावावर नसले तरी राहत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क तो मानतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क आपोआप बुडत नाही. न्यायाधीश नवऱ्यास घराबाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतो, किंवा बाईस दुसरे घर वा त्याचे भाडे देववू शकतो. हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. संरक्षण अधिकाऱ्याने सांगितल्यावर आश्रयगृहाने बाईस जागा दिलीच पाहिजे. जिल्ह्याच्या सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत तात्पुरता आसरा मिळतो. वकील सरकारी खर्चाने मिळतो. त्यास उत्पन्नाची अट नाही.

पण या कायद्यात ग्रामपंचायतीवर इंग्लंडासारखा भार घातलेला नाही. जिल्हा दूर, रात्र मोठी, आणि बाईच्या हाती पैसा नाही. कायदा आणि बाई यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पंचायतीने भरून काढावे, एवढेच आमचे मागणे आहे.

ते कसे? पहिले, पंचायतीने या बाबतीत न्यायाधीश होऊ नये. गाव तंटामुक्त दिसावा म्हणून बाईस समजूत घालून त्याच घरी परत धाडणे, हा तंटा मिटविणे नव्हे. तो दाराआड लोटणे आहे. दुसरे, छळाची खबर संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या खबरेबद्दल त्यास दोष लागत नाही. तेव्हा त्या अधिकाऱ्याचे नाव आणि १८१ व ११२ हे क्रमांक पंचायतीच्या, शाळेच्या व दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहावेत. तिसरे, एका रात्रीपुरती आतून कडी लागणारी खोली ठेवावी. गावात लपणे कठीण, म्हणून सकाळी बाईस जिल्ह्यास पोचवावे. महिला व बालकल्याणासाठी राखायच्या दहा टक्क्यांतून गाडीभाड्याची सोय नियमांत बसवून मागावी. चौथे, २००३ च्या शासन आदेशाप्रमाणे नमुना आठवर घराची नोंद नवराबायको दोघांच्या नावे करावी. ज्या भिंतीवर बाईचे नाव आहे, तेथून तिला हाकलणे अवघड जाते. पाचवे काम आमचे शाळावाल्यांचे. आईबरोबर आलेल्या मुलास दाखल्यावाचून अडवू नये. २००९ चा शिक्षणहक्क कायदा हेच सांगतो.

ग्रामसभेच्या ठरावाने काय होते, असे कोणी विचारील. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्याबांगड्या फोडण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तो कित्ता दाखविला. एका गावाने केले ते राज्याने उचलले. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा आता स्त्रियांच्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसलेल्या भगिनींनी उद्या हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि पुरुषांनी खाली माना न घालता हात वर करावेत. मार खाणारी बाई ही कोणाची बायको असेल, पण ती या गावची रहिवासी आहे. तिची घरपट्टी, पाणीपट्टी पंचायत घेते. तर रात्रीच्या वेळी तिला दारही पंचायतीनेच उघडावे.