स्वागताध्यक्षांचे भाषण: एक मासा ते दहा मासे

ग्रंथोत्सवाचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावांहून आलेले बालसाहित्यिक, व्यंगचित्रकार, प्रकाशक, शिक्षक, पालक, आणि पुढच्या सतरंजीवर बसून माझे भाषण कधी संपते याची वाट बघणाऱ्या बालमित्रांनो,

या सुंदरवाडीत, म्हणजे आजच्या सावंतवाडीत, आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. येवा, बसा. मागे उभे असलेल्यांनी डावीकडच्या खुर्च्या घ्याव्यात. त्या खुर्च्या आज पहाटे उतरल्या आहेत. अजून पुसायच्या राहिल्या असतील तर स्वयंसेवकाला हाक मारा, पिवळी टोपी घातलेला कुणीही चालेल.

मी काजूचा व्यापारी. मला स्वागताध्यक्ष का केले याचे उत्तर साहित्याच्या इतिहासात शोधू नये, समितीच्या जमाखर्चाच्या वहीत ते लगेच सापडेल. पण एकदा माइक हातात आला की गावाविषयी बोलल्याशिवाय मी तो सोडणार नाही, हे समितीलाही ठाऊक होते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यासाठी दहा मिनिटे लिहिली आहेत. ती कुणाच्या घड्याळातली, हे लिहिलेले नाही.

आपण ज्या मोती तलावाला वळसा घालून इथवर आलात तो 1874 सालचा. या गावात कुणालाही पत्ता विचारा, तळ्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच तो सांगेल. पलीकडचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांचा, 1755 ते 1803 या त्यांच्या कारकिर्दीतला. इथल्या गादीवरच्या बापूसाहेब महाराजांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटले, असे आमच्याकडे प्रत्येक आजोबा सांगतात. मीही आता आजोबा आहे, म्हणून मीही सांगतो. तळ्याकाठी केशवसुतांच्या नावाचा कट्टा आहे. आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले आमच्या तालुक्यातल्या तिरोड्याचे, त्यांच्या नावाची बाग मुलांनी संध्याकाळी बघावी. घसरगुंडीवर मोठ्यांनी बसू नये. आणि श्रीराम वाचन मंदिर! दीडशे वर्षांहून जुने हे ग्रंथालय ज्या गावाने चालवले, त्या गावात ग्रंथोत्सव भरवण्याचे धाडस कुठून आले, असे कुणी विचारू नये.

आता बालसाहित्य. मुलांसाठी कविता लिहिणारी दोन थोर माणसे या जिल्ह्याने दिली. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. विंदांनी 'राणीची बाग' लिहिली, 'एटू लोकांचा देश' लिहिला आणि पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळाले. मुलांच्या कविता लिहिल्याने कवीचे वजन कमी होत नाही, याचा एवढा पुरावा मला तरी पुरतो. व्यंगचित्रकार मंडळी हसताहेत, त्यांना वाटले आपली बाजू रिकामी. तसे नाही. आरवलीचे जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावाने लेखकमंडळींना टोले देत, आणि त्या ठणठणपाळाला चेहरा आणि हातात हातोडा दिला तो वसंत सरवट्यांनी. सरवटे कोल्हापूरचे, हे मान्य. घाट चढला की कोल्हापूरही आम्ही आपलेच मानतो.

पण खरे सांगू का? मला आज जिच्याविषयी बोलायचे आहे ती आमची चितारआळी, कारागिरांची गल्ली.

रात्री मुक्कामाच्या खोलीवर आपणास एक लाकडी आंबा किंवा केळ ठेवलेले दिसले असेल. एका ज्येष्ठ कवींनी ते सोलायचा प्रयत्न केला, अशी बातमी सकाळीच माझ्यापर्यंत आली. त्यात त्यांचा दोष नाही, कारागिराचे कौतुक आहे. पण फळे ही चितारआळीची बाहेरगावी माहीत असलेली ओळख. घरातला खरा ठेवा आहे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते. गोल पाने. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर लेप द्यायचा, घोटून घोटून गुळगुळीत करायचे, मग ब्रशाने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. दिवसा डाव मांडला तर रामवाल्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णवाल्याने. अर्ध्या रंगांत दहाचे पान मोठे, अर्ध्यांत एक्का मोठा. हे लक्षात ठेवणाऱ्या आमच्या आजोबांना शाळेत गणितात किती गुण मिळत, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

बालमित्रांनो, इकडे बघा. मत्स्यावताराच्या पानांवर काय असते? एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, असे करत दहाच्या पानावर दहा मासे. कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. तळहाताएवढ्या गोलात दहा मासे बसवायचे, आणि एकाने दुसऱ्याच्या शेपटीवर पाय देता कामा नये. माशाला पाय नसतात, हे मला माहीत आहे, हसू नका. एकही शब्द न लिहिता आकडे, चित्रे आणि विष्णूचे दहा अवतार यांची गोष्ट मुलाच्या हातात ठेवणारी वस्तू म्हणजे काय? माझ्या मते ते चित्रांचे पुस्तक आहे, फक्त बांधलेले नाही. आणि ज्याच्या जवळ जागा कमी, रेषा मोजक्या, तरीही ज्याचा परशुराम परशुरामच ओळखू येतो आणि वामन वामनच, त्या चितारीला व्यंगचित्रकारांचा पूर्वज म्हणायला आपली हरकत नसावी. असली तरी दुपारच्या परिसंवादात मांडावी, आत्ता वेळ कमी आहे.

हा वारसा बुडतच आला होता. छापील पत्ते स्वस्त झाले, गंजिफा खेळणारे म्हातारे गेले, रंगवणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्या वेळी राजेसाहेब शिवरामराजे आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून या घरात आलेल्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्याच्या दरबारातच कारागिरांना बसायला जागा दिली. राणीसाहेब स्वतः पुंडलिक चितारी नावाच्या वृद्ध कारागिराकडे शिकायला बसल्या. हे नाव मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो: पुंडलिक चितारी. आमच्या गावात राजांचे पुतळे आहेत, पुढाऱ्यांच्या नावाचे चौक आहेत. या माणसाच्या नावाने आम्ही काय केले, हे बोलायला स्वागताध्यक्षाचा दिवस योग्य नाही, म्हणून इथेच थांबतो. पण उद्या सकाळी आपण राजवाड्यात जाल आणि कारागीर ब्रश फिरवताना पाहाल, तेव्हा त्या हाताला वळण कुणाचे आहे ते लक्षात असू द्या.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच हे पद स्वीकारले म्हणा हवे तर. रूडी फॉन लायडेन नावाचे एक जर्मन गृहस्थ होते. बर्लिनमध्ये जन्मले, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, 1933 मध्ये मुंबईला आले. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी कलासमीक्षा लिहिली, मुंबईच्या तरुण चित्रकारांना हात दिला, आणि डेनली या नावाने व्यंगचित्रे काढली. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' जन्माला येण्याआधीची ही गोष्ट. या माणसाला नाद कसला लागला? गंजिफांचा! त्यांनी हिंदुस्थानभरच्या गंजिफा जमवल्या, त्यांचा अभ्यास केला, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या गंजिफांवर त्यांचा ग्रंथ 1982 साली निघाला. म्हणजे ज्यांनी गंजिफेला जगाच्या अभ्यासकांपुढे ठेवले ते स्वतः व्यंगचित्रकार होते. आता सांगा, व्यंगचित्रकारांना आणि बालसाहित्यिकांना सावंतवाडीला बोलावले, यात चुकले कुठे? आमच्या समितीत या निमंत्रणावर दोन बैठका गाजल्या होत्या. एक सन्माननीय सदस्य म्हणाले, व्यंगचित्रकारांचा आणि आपल्या गावाचा संबंध काय? त्यांना हे उत्तर आज जाहीरपणे देत आहे. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

शि. द. फडणिसांनी शालेय गणिताच्या पुस्तकात चित्रे काढली, तेव्हा मुलांना आकड्यांची भीती वाटेनाशी झाली, असे माझ्या पिढीचे शिक्षक सांगतात. आमच्या चितारआळीला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तिच्या पानांवर मासे आधीपासूनच मोजलेले आहेत.

आता उणिवा. त्या पुष्कळ आहेत, आणि जिथे आहेत तिथे समितीच्या वतीने हात जोडून क्षमा. आमचे रेल्वे स्थानक गावात नाही, मळगावला आहे. रात्रीच्या गाडीने आलेल्यांना रिक्षासाठी थांबावे लागले, त्यांची विशेष क्षमा. मंडपाच्या मागच्या बाजूला आवाज घुमतो. ध्वनिक्षेपकवाल्याने दुपारपर्यंतची मुदत मागितली आहे, कुठल्या दुपारची ते विचारायचे राहिले. जेवणात आज शाकाहारी पंगत आणि सोलकढी. मत्स्याहारी पाहुण्यांची सोय उद्या, कारण आज सोमवार आहे आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांनी मासळीला हात लावायला नकार दिला. त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. छपरावर वानर येतात. त्यांना खाऊ दाखवू नये, आणि पुस्तकांच्या गाळ्यांवरची केळी लाकडी असली तरी झाकून ठेवावीत, वानरांना फरक कळेपर्यंत नुकसान होते.

आभार मानताना कुणी राहिले तर राग मानू नये. नगरपरिषदेने मैदान दिले, पाण्याचा टँकर दिला. पोलिसांनी तळ्याकडचा रस्ता एकेरी केला, त्यामुळे माझ्याही दुकानाकडे जाणे अवघड झाले, तरी आभार. आंबा-काजू बागायतदारांनी पाहुण्यांच्या राहण्याचा खर्च उचलला. मुंबईच्या चाकरमान्यांनी पुस्तकखरेदीची कूपने दिली, म्हणून या तालुक्यातल्या शाळेतले प्रत्येक मूल आज एक तरी पुस्तक स्वतः निवडून घेईल. मोठ्यांनी निवड करून देऊ नये, ही मुलांच्या वतीने माझी विनंती. बचत गटाच्या महिलांनी खाजे आणि शेंगदाण्याचे लाडू केले. गणपतीच्या शाळा चालवणाऱ्या कलाकारांनी प्रवेशद्वार रंगवले आणि पैसे घेतले नाहीत. एका दात्यांनी मोठी देणगी देऊन 'माझे नाव कुठे घेऊ नका' असे बजावले आहे. त्यांचे नाव मी घेत नाही, बाहेरच्या तिन्ही फलकांवर ते आहेच. आणि रात्रभर खुर्च्या उतरवणारी आमची मुले. झिलांनो, तुमचे आभार मानायला मला वेगळे भाषण करावे लागेल, तेवढा वेळ अध्यक्ष देणार नाहीत.

चिठ्ठी आली आहे. ती दुसरी आहे, पहिली मी खिशात घातली. तर उद्घाटकांना विनंती, त्यांनी पुढे यावे आणि पडदा सारून ग्रंथोत्सवाचे उद्घाटन करावे. दोरी डावीकडची ओढावी. उजवीकडची मंडपाची आहे.