परदेशचा पैसा, घरचा हिशेब



आधी रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे सांगते. २००१ च्या जनगणनेत इथं १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. राज्याची लोकसंख्या वाढली, आपला जिल्हा घटला. २०११ मध्येच इथं हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. इथं मुलींचा मान जास्त, असा याचा अर्थ काढू नका. पुरुष मुंबईला आणि परदेशी गेले, म्हणून हा आकडा.

कोकणी मुसलमानांच्या आधीच्या पिढ्या बोटींवर खलाशी म्हणून गेल्या, मुंबईला गेल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि कुवेत, दुबई, सौदीची वाट खुली झाली. भातशेतीवर चालणारं घर परदेशातून येणाऱ्या पैशावर चालू लागलं. कौलं उतरली, स्लॅब आला. खाचरं मात्र पडीक राहिली.

पण हे उत्पन्न व्हिसा असेपर्यंतचं. सौदीनं २०११ मध्ये निताकत आणून खासगी नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा बांधून दिला. जुलै २०१७ पासून सोबतच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल शुल्क लावलं. ते २०२० पर्यंत ४०० झालं. पगार तोच, खर्च वाढला. मग बायकामुलं गावी परत.

या सगळ्या वर्षांत गावचं घर कुणी सांभाळलं? अम्मीनं. सासऱ्यांचं औषधपाणी, मुलांच्या शाळा, गवंड्याची मजुरी तिनंच पाहिली. स्लॅब तिच्या देखरेखीखाली पडला. घरपट्टीची पावती मात्र अब्बांच्या नावानं येते. मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा, असं शरियत सांगते. आम्ही त्याहून अधिक, समान हक्क मागतो. पण घरोघरी तेवढंही मिळत नाही. बहिणीपुढं हक्कसोडपत्र येतं आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. तलाकच्या वेळी आठवणारी शरियत तलाठ्यापुढं कशी विसरते?

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. सुट्टीत घरी जाल तेव्हा अम्मीसोबत बसा. किती पैसा आला, कशात गेला, कोणता कागद कुणाच्या नावावर आहे, ते वहीत लिहा. अब्बा फोनवर असतील तेव्हा ती वही वाचून दाखवा. घराला तिचं नाव लावायची गोष्ट काढा. आणि बहिणीपुढं हक्कसोडपत्र आलं, तर पहिला नकार भावाचा असू दे.