टाकीत डोकं घालून बघावं

(१९९४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला, ‘माझा व्यवसाय’. मी विचारलं, "अरे, माझा व्यवसाय काय आहे ते ठाऊक आहे ना?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मेल्या, दारूवर नको बोलू. यंत्रांवर बोल." तेव्हा आज मी यंत्रांवर बोलणार आहे. बियर प्यावी की पिऊ नये, यावर एक शब्द काढणार नाही. बाई समोर बसल्या आहेत.

एक मात्र कबूल करतो. पुण्यात माझी छोटी ब्रुअरी आहे, हे आज मी या गावात पहिल्यांदाच जाहीरपणे बोलतोय. शेजारपाजारी कुणी विचारलं की आई सांगते, "मुलगा फूड प्रोसेसिंगमध्ये आहे." तसं ते खोटं नाही. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात, त्यासाठी नाचणी भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात. तेच सातूचं केलं की मॉल्ट. तो भरडून ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्ट करतं. आपण फक्त भांडी स्वच्छ ठेवायची. माझं सगळं रामायण या भांड्यांचंच आहे.

दहावीनंतर मी इथल्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि १९९७ ला रातराणीने पुणं गाठलं. चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. एका सहकाऱ्याबरोबर बघायला गेलो. लोक ग्लासकडे बघत होते आणि मी काचेमागच्या टाक्यांकडे. ते वेड पाच वर्षं डोक्यात राहिलं. मग हॉटेलवाला भागीदार मिळाला आणि नोकरी सोडली. वडिलांनी पावसजवळची आंब्याची कलमं विकून पैसे दिले. ‘कशाला’ असं एकदाच विचारलं, आणि मी सांगितल्यावर पुन्हा काही बोलले नाहीत.

आता पुरवठादार शोधायचा. जर्मनीत बांबेर्ग गावात कास्पार शुल्त्झ नावाची कंपनी आहे, १६७७ पासून हाच धंदा करणारी. म्हणजे शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर होते त्या वर्षी यांचं दुकान उघडलं. अशा कंपन्यांचं काम बघत राहावं असं, पण किंमत ऐकली की कलमंच काय, घरही विकावं लागेल. दुसरीकडे चीन. तिथल्या जिनान शहरात ब्रुअरीची यंत्रं बनवणारे कितीतरी कारखाने आहेत आणि जगभरचे छोटे लोक तिथून माल घेतात. तिसरे आपले पुण्याचे, बडोद्याचे, अहमदाबादचे फॅब्रिकेटर, जे दूध डेअरीच्या आणि औषध कंपन्यांच्या टाक्या बनवतात.

मी चार कोटेशनं मागवली आणि सर्वांत स्वस्त उचललं. बारा लाखांचा फरक होता. त्या कंपनीचं नाव सांगत नाही. कॅटलॉग गुळगुळीत होता, टाक्या आरशासारख्या. मला वाटलं, मी मेकॅनिकलवाला, मला कोण फसवणार? त्यांनी साठ टक्के ॲडव्हान्स मागितला, मी दिला. खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. टाकीला चिकटला नाही, म्हणजे चांगलं स्टील, असं म्हणून परत आलो.

ही चुंबकाची समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असेल, म्हणून सांगतो. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही! उलट चांगल्या ३०४ ला वाकवलं, ठोकलं की त्या जागी थोडा चिकटतो. चुंबकाने काहीच कळत नाही. मिलचं सर्टिफिकेट मागायचं आणि त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी जुळतो का ते पत्रा कापायच्या आधी बघायचं. हे मला नंतर कळलं.

माल पाच महिने उशिरा आला. जागेचं भाडं चालूच होतं. पहिलं ब्रू ठीक निघालं, दुसऱ्यापासून आंबट. प्रत्येक ब्रू ५०० लिटरचं. ओळीने चार गटारात सोडली. मी यीस्ट बदललं, पाणी बदललं, माणूस बदलला. त्या बिचाऱ्या माणसाची काही चूक नव्हती, पुढे त्याला फोन करून माफी मागितली. शेवटी डेअरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकीत डोकं घालून बघितलंस का?"

इथे एक धोक्याची सूचना. आंबवण्याच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, दिसत नाही. नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीत डोकं घातलं तर माणूस तिथेच कोसळतो. आपल्याकडे विहिरीत उतरताना पूर्वी कंदील सोडून बघत, त्याचं कारण हेच. आम्ही टाकी धुतली, पंखा लावून दिवसभर उघडी ठेवली आणि मगच बॅटरी घेऊन बघितलं.

बाहेरून आरसा, आणि आत तळाच्या जोडावर काळपट, खडबडीत, साखर सांडल्यासारखी रेघ. स्टीलला वेल्डिंग करताना जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गन वायू सोडावा लागतो, नाहीतर तापलेलं स्टील हवेने जळतं आणि असा दाणा धरतो. त्या दाण्यांच्या फटीत कॉस्टिक पोचत नाही. तिथे बियर आंबवणारे जिवाणू आरामात राहतात आणि पुढच्या ब्रूची वाट बघतात. आर्गनचा खर्च वाचवला होता आणि बाहेरून बफिंग मारलं होतं.

त्या रात्री मला आमच्या अंगणातला कल्हईवाला आठवला. भाता, नवसागर, कथिल, सगळं तुम्हाला आठवत असेल. कल्हई झाली की आई पातेलं उजेडाकडे धरून आत बघायची, तळ आणि काठ मिळतात तिथे बोट फिरवायची. जरा पितळ दिसलं की परत करायला लावायची, कारण त्यात आमटी कळकणार. "बाहेरून चिंचेने मी घासून घेईन, तू आतलं बघ," असं त्याला सांगायची. मी शेजारी बसून हे शंभरदा पाहिलं होतं. डिप्लोमात ते कुठे गेलं कोण जाणे.

त्या कंपनीचा फोन लागेना, लागला तर साहेब बाहेरगावी. साठ टक्क्यांवर पुढचे हप्ते गेले होते, माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. अशी फसगत मोठ्यांचीही होते. कॅनडात डी.एम.ई. नावाची ब्रुअरीची यंत्रं बनवणारी नावाजलेली कंपनी होती. ती २०१८ च्या नोव्हेंबरात रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि ज्यांनी ॲडव्हान्स भरून ठेवला होता अशा अनेक ब्रुअऱ्यांचे पैसे अडकले. ती बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला नाही, पण थोडं कमी मूर्ख वाटलं.

दुसऱ्यांदा भोसरीतला एक छोटा फॅब्रिकेटर निवडला. कॅटलॉग नाही, ऑफिसात दोन खुर्च्या. पण त्याने मला विचारलं, "मे महिन्यात तुमच्या टाकीतलं पाणी किती अंशाचं असतं?" मी चाट पडलो. हा प्रश्न चौघांपैकी एकानेही विचारला नव्हता. उकळलेला रस पाण्यावर थंड करतात. युरोपातल्या आराखड्यांत हे पाणी १०-१२ अंश धरलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते ३० अंश. ३० च्या पाण्याने रस २० वर कसा येईल? म्हणून दोन टप्पे लागतात, आधी पाणी आणि मग ग्लायकॉल, आणि चिलर त्या मानाने मोठा. यंत्र विकणाऱ्याने आपल्याला किती प्रश्न विचारले ते मोजावं, असं तेव्हापासून मी म्हणतो.

त्याने मला आधी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे नेलं, सात वर्षं वापरातली टाकी दाखवली आणि मला तिथे एकटं सोडून चहाला गेला. म्हणजे मालकाला काय हवं ते विचारता यावं. पैसे त्याने टप्प्याटप्प्याने घेतले. तीस टक्के आधी, मग पत्रा आल्यावर, मग पाणी भरून दाबाची चाचणी झाल्यावर. शेवटचे दहा टक्के माझ्याकडे पहिलं ब्रू निघाल्यावर. दाबाच्या झडपेबरोबर व्हॅक्यूमची झडपही त्याने स्वतःहून बसवली. गरम पाण्याने धुतलेल्या बंद टाकीत गार पाणी सोडलं तर आतली वाफ एकदम बसते आणि टाकी रिकाम्या बाटलीसारखी चेपते. मी स्वतः एकाकडे चेपलेली पाहिली आहे. आता रबराचं गॅस्केट गेलं तरी रात्री दहाला त्याचा मुलगा स्कूटरवरून येतो.

परदेशी माल वाईट असं माझं म्हणणं नाही. ओळखीतल्या दोघांकडे चिनी टाक्या उत्तम चालल्या आहेत. फक्त मोटर ५० हर्ट्झची आहे ना, हे बघूनच पैसे पाठवावेत. ६० ची मोटर आपल्याकडे हळू फिरते. आणि पार्ट लागला की तो जहाजाने येणार, हे धरून चालावं.

जुन्या टाक्यांपैकी दोन भोसरीवाल्याने आतून घासून, जोड पुन्हा मारून वाचवल्या. बाकीच्या भंगारात गेल्या. वडिलांना हे सगळं सांगायला मला वर्ष लागलं. ते म्हणाले, "कलमं तरी कुठे दर वर्षी धरतात?" आता ते नाहीत.

हे भाषण ठरलं तेव्हा आपल्या ‘क’ तुकडीतल्या मित्राचा फोन आला. त्याचा कोकमाचा धंदा आहे. आगळ साठवायला ३०४ ची टाकी घेतली आणि दोन वर्षांत तिला सुईएवढी भोकं पडली. आगळ म्हणजे आंबट आणि त्यात मीठ, ३०४ ला ते खातंच. ३१६ घेतलं तर जास्त टिकेल, पण मी त्याला सांगितलं, बाबा, आगळाला फूड ग्रेड प्लॅस्टिकचे ड्रम बरे, कशाला स्टीलच्या मागे लागतोस? त्यावर तो गप्प झाला. नवीन टाकीची ऑर्डर आधीच दिलेली होती आणि ती मिरजोळे एम.आय.डी.सी.त येऊन उभी आहे. शेवटचा हप्ता सुदैवाने अजून दिलेला नाही.

उद्या सकाळी आठला आम्ही दोघं तिथे जाणार आहोत. बॅटरी त्याने आणायची आहे, वरचे जोड बघायला आरसा मी पुण्याहून आणलाय.