आधी निदान, मग खर्च : घरातले नेट मंद का चालते?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत इंटरनेटचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. कारण सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायला लावली. म्हणजे नेट ही आता चैन राहिलेली नाही. शेतातून बाजारात जाणाऱ्या गाडीवाटेसारखीच ही वाट आहे. ती अडली की माल घरात राहतो.

म्हणून गावोगाव लोकांनी फायबर घेतले, घरात बॉक्स बसवला, दरमहा पैसे भरू लागले. आणि आता जिथे जावे तिथे एकच तक्रार : नेट लय स्लो चालते. त्यावर सल्लाही एकच मिळतो : मोठा प्लॅन घ्या.

मी शेतीची पदवी घेतलेला माणूस. मला हे ऐकले की कपाशीवरचा लाल्या आठवतो. पान लाल होते ते कधी मॅग्नेशियम कमी पडल्याने, कधी नत्र कमी पडल्याने, कधी तुडतुड्यांनी, कधी पाणी साचल्याने, कधी रात्री एकदम थंडी पडल्याने. पान सारखेच लाल, कारणे पाच. दुकानात मात्र औषध एकच मिळते, जे फळीवर पडून आहे ते! मंद नेटचेही तसेच आहे. लक्षण एक, कारणे अनेक. निदान न करता मोठा प्लॅन घेणे म्हणजे रोग न ओळखता फवारणी करणे.

पाणी कुठे मुरते?

विहिरीचे पाणी शेवटच्या सरीत पोचत नसेल तर आपण काय करतो? विहिरीत पाणी आहे का, मोटार दाब देते का, पाइप कुठे फुटला का, हे क्रमाने पाहतो. नेटचा मार्गही असाच आहे. ज्या साइटवर जायचे तिचा सर्व्हर, मग कंपनीची यंत्रणा, मग घरापर्यंतची वायर, मग घरातला बॉक्स, मग बॉक्सपासून फोनपर्यंतची हवा, आणि शेवटी फोन. पाणी यांपैकी एका ठिकाणी मुरते. ते ठिकाण शोधायचे.

शोधायला काटा लागतो. कापूस आपण मोजल्याशिवाय देत नाही, नेट मात्र न मोजता घेतो. फोनवर स्पीड टेस्ट फुकट करता येते. तिच्यात तीन आकडे येतात. डाउनलोड म्हणजे आपल्याकडे येणारा माल. अपलोड म्हणजे आपण पाठवतो तो माल. पिकाचा फोटो चढवताना हाच आकडा कामाचा. तिसरा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. पाट रुंद असला तरी पाणी उशिरा पोचू शकते, तसे डाउनलोड चांगले असूनही पिंग वाढला की व्हिडिओ कॉल अडखळतो.

एक माप नीट समजून घ्या. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. ४० चा प्लॅन असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरणार. तिथे ५ दिसले म्हणून कोणी फसवले असे होत नाही. फसवणूक ओळखायची तर आधी माप यायला हवे.

मोजायचे कसे?

घरातले बाकीचे फोन, टीव्ही, कॅमेरे नेटवरून काढा. लॅपटॉप असेल तर लॅन केबलने थेट बॉक्सला जोडून टेस्ट करा. नसेल तर फोन घेऊन बॉक्सपासून दोन हातांवर उभे राहा. मग जिथे रोज बसता तिथे करा. सकाळी, दुपारी आणि रात्री ९ ला, असे तीन दिवस. आकडे वहीत लिहा. ही वही नेमकी जागा दाखवते.

पहिला प्रकार : बॉक्सजवळ चांगले, आत वाईट. इथे दोष हवेतला आहे. बॉक्स बसवला जातो तो वायर जिथून आत आली तिथेच. मग तो कोपरा असो की लोखंडी कपाटाची मागची बाजू. आपली घरे मातीच्या किंवा दगडाच्या जाड भिंतींची, वर पत्रे. वायफायच्या लहरी जाड भिंतीत मरतात, लोखंडापुढे अडतात. बॉक्स घराच्या मध्याकडे, उंचावर, मोकळा ठेवा. बहुतेक नव्या बॉक्सना दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंत थोडीफार ओलांडतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण पल्ला आखूड. जवळ बसून काम करताना ५ वापरा, आतल्या खोलीत २.४. शेजारीपाजारी दाटी असेल तर २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. हे तीन एकमेकांच्या बांधावर येत नाहीत. वाडा मोठा असेल तर लॅन केबल ओढून दुसरा बॉक्स बसवा. हवेतूनच घेऊन हवेतूनच पुढे देणाऱ्या स्वस्त यंत्रात वेग बहुधा निम्म्यावर येतो.

दुसरा प्रकार : बॉक्सजवळही वाईट, आणि दिवसभर वाईट. आधी बॉक्स बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. तरी सुधारणा नसेल तर वायर पाहा. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार, तिच्यातून उजेड येतो. ती खिळ्याभोवती घट्ट वळवली, दारात चेमटली, उंदराने कुरतडली की उजेड गळतो. बॉक्सवरचा एलओएस दिवा लाल झाला तर उजेड येतच नाही, असे समजा. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तंत्रज्ञ आला की 'पॉवर किती येते' हे विचारा आणि लिहून घ्या. आकडा उणे असतो. उणे २० ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला, म्हणजे उणे २९, उणे ३० झाला, तर दोष लाइनचा आहे. तो कंपनीने दुरुस्त करायचा, तुम्ही प्लॅन वाढवून नाही.

तिसरा प्रकार : सकाळी चांगले, रात्री ९ ला वाईट. हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. एका डीपीवर मोटारी जास्त झाल्या की काय होते? फायबरची एक तार खांबावर ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. त्यातून पुढे कंपनीने मुख्य लाइनला क्षमता कमी घेतली असेल तर सगळे घरी आले की सगळ्यांचेच नेट बसते. इथे एकट्याने मोठा प्लॅन घेणे म्हणजे त्याच डीपीवर मोठी मोटार बसवणे. ही तक्रार वस्तीने मिळून करायची आहे.

चौथा प्रकार : महिन्याच्या सुरुवातीला चांगले, शेवटी वाईट. प्लॅनचा कोटा पाहा. सिमवर तर हे रोजच होते. दिवसाचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ किलोबिटवर आणतात. त्या वेगाने २ मेगाबाइटचा एक फोटो चढायला ४ मिनिटांहून जास्त लागतात. तेव्हा नोंदणीचे काम सकाळी करा, व्हिडिओ नंतर.

पाचवा प्रकार : बाकी सगळे चालते, एकच सरकारी ॲप फिरत राहते. दुसरी साइट उघडून पाहा. ती झटकन उघडली तर दोष तुमच्या घरात नाही, तिकडच्या सर्व्हरवर आहे. शेवटच्या तारखेला सगळे एकदम धावतात तेव्हा हे होते. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुदतवाढ मागताना तो पुरावा आहे. 'शेतकऱ्यांनी वेळेत नोंद केली नाही' असे ऐकून घ्यायची मग गरज नाही.

ज्यांच्याकडे फायबर नाही, सिमवरच सगळे आहे, त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा पाहावा. उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० म्हणजे अगदी क्षीण. पत्र्याखालून बाहेर या, माळवदावर चढा, फरक दिसेल. नवे यंत्र घेण्याआधी शेजाऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे सिम त्याच जागी लावून मोजा. आणि एकाच जागी दोन फोन तपासा; एक चालतो, दुसरा नाही, तर दोष फोनचा.

तक्रार आकड्याने करा

'नेट चालत नाही' ही तक्रार हवेत जाते. 'बॉक्सला केबल लावून तीन रात्री ९ वाजता ४० ऐवजी ३ मिळाले' ही तक्रार ऐकावी लागते. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय तक्रार झाली असे धरू नका. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि २०१२ च्या नियमांप्रमाणे ३९ दिवसांत निकाल द्यायचा आहे. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वाट पाहत बसू नका. ग्राहक आयोगाची वाट मात्र मोकळी आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. आणि जानेवारी २०२३ पासून सरकारच्या व्याख्येप्रमाणे २ मेगाबिटपेक्षा कमी वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही, हेही सांगा.

आता काम सांगतो. प्रत्येक गावात दोन जण ठरवा, त्यात कॉलेजात जाणारी एखादी मुलगी जरूर असू द्या. त्यांनी आठवडाभर दहा घरांत मोजणी करावी आणि हे पाच प्रकार वेगळे करावेत. पहिल्या आणि चौथ्या प्रकारची घरे बिनखर्चात, फार तर एका केबलच्या खर्चात सुधारतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या घरांची एकत्र तक्रार लिहू. पाचव्या प्रकारचे स्क्रीनशॉट तहसीलदारांपुढे ठेवू. खरेदीची नोंदणी सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.