रात्रीच्या ड्रोनाचा लुकलुकता दिवा



चार पंख्यांचें लहानसें ड्रोन आतां शहरांतील पुष्कळ घरांना परिचित झालें आहे. किल्ल्याचा बुरूज, समुद्राची किनार, घरचें मंगलकार्य, यांचीं चित्रें तें वरून टिपतें. दिवसा त्याची घरघर ऐकून मान वर केली कीं तें दिसतेंहि. पण सूर्य मावळला, कीं हें करड्या रंगाचें, पाव किलो वजनाचें यंत्र आकाशांत असून नसल्यासारखें होतें. कारखान्यांतून येतांना त्याच्या अंगावर बारीक दिवे असतात, नाहीं असें नाहीं. परंतु यंत्राचें तोंड कोणीकडे आहे एवढेंच उडविणाराला सांगावें, हें त्यांचें काम. दूरच्या माणसासाठीं ते नव्हेत. म्हणून रात्रीं ड्रोन उडविणारे लोक त्यावर लुकलुकणारा प्रखर दिवा वेगळा बसवितात. त्याला स्ट्रोब म्हणतात. या दिव्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

हा दिवा उडविणाराच्या सोयीसाठीं नसून आकाशांतील दुसऱ्या माणसासाठीं आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. समजा, अत्यवस्थ रोग्याला घेऊन एक हेलिकॉप्टर रात्रीं रुग्णालयाकडे निघालें आहे. त्याचा वेग ताशीं २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारें ५५ मीटर. समोर कांहीं तरी आहे हें दिसणें, तें काय आहे हें ओळखणें, टक्कर होणार हें उमगणें, कोणीकडे वळावें हें ठरविणें, हात हलणें आणि शेवटीं यंत्र वळणें, या साऱ्याला मिळून अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या सूचनापत्रकांत १२.५ सेकंद धरलेले आहेत. ड्रोनाचा दिवा ५०० मीटरांवरून दिसला, तर वैमानिकाच्या हातीं नऊच सेकंद उरतात. तोच दिवा तीन मैलांवरून, म्हणजे ४.८ किलोमीटरांवरून दिसला, तर जवळजवळ दीड मिनिट मिळतें. साऱ्या विषयाचें मर्म या दोन आंकड्यांमधील अंतरांत आहे.

अमेरिकेंत २०१६ सालीं लहान ड्रोनांचे नियम झाले, तेव्हां रात्रीं उडविण्यास वेगळी सूट मागून घ्यावी लागे. २१ एप्रिल २०२१ पासून ती अट गेली आणि तिच्या जागीं हा दिवा आला: तो किमान तीन मैलांवरून दिसला पाहिजे, आणि टक्कर टळावी इतक्या गतीनें लुकलुकला पाहिजे. जरूर पडल्यास त्याचें तेज कमी करण्याची मुभा आहे. विझविण्याची मात्र नाहीं. रंगाविषयीं तो नियम मौन पाळतो. युरोपांत १ जुलै २०२२ पासून रात्रीच्या ड्रोनावर हिरवा लुकलुकता दिवा हवा असें ठरलें, तें जमिनीवरच्या माणसाला ड्रोन कोणतें व माणसें बसलेलें विमान कोणतें हें सहज कळावें म्हणून.

पण दिवा लुकलुकावयाचाच कशाला? सतत कां जळूं नये? याचें उत्तर शहरांतल्या माणसाला सांगावयास नको. मरीन ड्राइव्हच्या दीपमाळेंत एक दिवा वाढला, तर तो कोणाच्या ध्यानांत येणार? उघडझांप करणारा दिवा मात्र नजरेच्या कडेलाहि खुपतो. कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग बारकावे टिपण्यांत दुबळा असला, तरी बदल हेरण्यांत मोठा तरबेज असतो. शिवाय गडद काळोखांत एकच स्थिर ठिपका टक लावून पाहिला, तर तो आपोआप सरकतो आहे असा भास होऊं लागतो. या भासाविषयीं वैमानिकांना मुद्दाम बजावलेलें असतें.

तथापि या उघडझांपीची किंमत मोजावी लागते. क्षणभराचा झोत डोळ्याला त्याच्या खऱ्या तेजाइतका तेजस्वी वाटत नाहीं. फ्रान्सच्या दीपस्तंभ खात्यांत काम केलेले आंद्रे ब्लाँदेल आणि त्यांचे सहकारी रे यांनीं १९११ सालीं याचें गणित बसविलें, आणि तें इतकें सोपें आहे कीं येथेंहि सांगतां येईल. झोताच्या तेजाला झोताच्या काळानें गुणावें. मग त्या काळांत एक-पंचमांश सेकंद मिळवून येणाऱ्या संख्येनें भागावें. १०० कँडेला तेजाचा दिवा सेकंदाचा विसावा भाग पेटला, तर डोळ्याला तो २० कँडेलांच्या स्थिर दिव्यासारखा वाटतो. तोच दिवा सेकंदाचा शंभरावा भाग पेटला, तर पांच कँडेलाहि भरत नाहीं! आतां जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीन सागरी मैलांवरून दिसणाऱ्या दिव्याला १२ कँडेला लागतात. आपले जमिनीवरचे तीन मैल त्याहून लहान, म्हणून थोडें कमी पुरेल. परंतु तो हिशेब काळ्याभोर समुद्राचा व निर्मळ हवेचा आहे. शहराच्या झगमगाटावर, किंवा पावसाळी दमट हवेंत, त्याहून पुष्कळ अधिक तेज हवें. मोठ्या विमानांच्या टक्करनिवारक दिव्याला क्षितिजाच्या पातळींत किमान ४०० कँडेलांचें परिणामी तेज लागतें आणि तो मिनिटाला ४० ते १०० वेळां लुकलुकतो, हें पाहिलें म्हणजे प्रमाण कळतें. पेटीवर ‘तीन मैल’ असें छापलेलें असतें खरें. पण कोणत्या हवेंत आणि कोणत्या दिशेनें, हें छापण्याची तसदी विक्रेते क्वचितच घेतात.

लुकलुकण्यांत एक नफाहि आहे. सेकंदाला एकदां, विसाव्या भागापुरता पेटणारा दिवा सतत जळणाऱ्याच्या मानानें विसावा हिस्साच वीज खातो. म्हणून नखाएवढ्या बॅटरीवर त्याचें भागतें. ड्रोनाला तर एकेक ग्रॅम भारी. आपल्या देशाच्या २०२१ सालच्या नियमांत सर्व भारासह २५० ग्रॅमपर्यंतचें ड्रोन ‘नॅनो’ वर्गांत मोडतें. २४९ ग्रॅमच्या यंत्रावर दहा ग्रॅमचा दिवा चिकटविला, कीं तें त्या वर्गांतून बाहेर पडून वरच्या वर्गाच्या नियमांखालीं येतें. ही गोष्ट विकत घेतांना कोणी सांगत नाहीं.

दिवा बसवावा कोठें? पाठीवर बसविला तर वरून व बाजूनें दिसतो, खालून यंत्राच्या पोटाआड जातो. पोटाखालीं बसविला तर उलट. हेलिकॉप्टर बहुधा वरून किंवा समपातळींत येणार, तेव्हां एकच दिवा असेल तर तो पाठीवर असावा. परंतु पाठींतच उपग्रहांचे संदेश घेणारी तबकडी दडलेली असते. तिच्यावर धातूचा दिवा ठेवला तर ड्रोनाला आपली जागा नीट कळत नाहीं. लोहचुंबकानें चिकटणारे दिवे तर होकायंत्रालाच चकवितात. त्यांपेक्षां चिकटपट्टी बरी. बॅटरीचें झांकण व हवेचीं भोकें मोकळीं राहिलीं पाहिजेत. पंख्यांच्या पात्यांवर झोत पडत असेल, तर कॅमेऱ्याच्या चित्रांत पांढरे फटकारे उमटतात.

उडविणाराच्या डोळ्यांचाहि विचार हवा. काळोखाला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात आणि जवळून पडलेला एक पांढरा झोत ती सारी कमाई घालवितो. म्हणून दिवा चालूं करतांना त्याच्याकडे पाठ करावी. रात्रीच्या हेलिकॉप्टरांतील पुष्कळ चालक अंधारांत पाहण्याचे चष्मे लावतात, आणि त्या चष्म्यांना सारे रंग सारखे दिसत नाहींत. उंच मनोऱ्यांवरचे कांहीं नव्या धर्तीचे लाल दिवे त्यांतून दिसत नाहींत, असा इशारा अमेरिकन खात्यानें २००९ सालीं दिला होता. पांढऱ्या दिव्याकडे माझा कल आहे, त्याला हें एक कारण.

दिवा आणल्यावर तो ड्रोनाला लावण्याआधीं रात्रीं गच्चीच्या कठड्यावर ठेवावा आणि एका स्नेह्याला चार-पांच किलोमीटरांवरच्या मोकळ्या टेकडीवर उभें करावें. त्याच्याशीं दूरध्वनीवर बोलत दिवा आडवा, उभा, तिरपा असा फिरवावा आणि कोणत्या कोनांत तो दिसेनासा होतो तें टिपून ठेवावें. ड्रोनावर तो बसवितांना तें टिपण जवळ असूं द्यावें.