गरोदरपणातील वाढते वजन : कोणाचे आणि कशासाठी?



खारदांड्याच्या कोळीवाड्यातून तपासणीस येणाऱ्या गरोदर भगिनींचे वजन आम्ही प्रत्येक भेटीत नोंदवतो. ‘वाढले ते सगळे बाळाचेच ना?’ असा प्रश्न घरची वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. त्याचे उत्तर आज आपणापुढे ठेवीत आहोत.

शरीरशास्त्रज्ञ हिटन यांनी मांडलेला हिशेब आजही आधारभूत मानला जातो. त्यानुसार सर्वसाधारण गरोदरपणात वजन सुमारे १२.५ किलो वाढते. त्यात बाळ जेमतेम साडेतीन किलोचे. वार व गर्भजल मिळून सुमारे दीड किलो. वाढलेले गर्भाशय व स्तन यांचे जवळपास तितकेच. वाढलेले रक्त आणि पेशींबाहेरील पाणी मिळून तीन किलो. उरलेली सुमारे सव्वातीन किलो चरबी होय.

ही चरबी म्हणजे मातेची शिदोरी. ती मुख्यतः तिसाव्या आठवड्यापर्यंत साठते आणि पुढे बाळाच्या झपाट्याच्या वाढीस व स्तनपानास उपयोगी पडते. रक्तातील द्रव तांबड्या पेशींहून अधिक वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन किंचित उतरणे स्वाभाविक आहे. परंतु ते ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास उपचार घ्यावेत.

आपल्याकडे चिंता आहे ती आरंभीच्याच कृशतेची. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ पासून सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात गरोदरपणापूर्वी मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, तर नवजात बाळांचे २.७ किलो आढळले. मुंबईच्या वस्त्यांत २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांचा पूरक आहार दिला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, किमान तीन महिने आधी आहार सुरू केलेल्या मातांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. मात्र अतिकृश मातांच्या बाळांत हा लाभ दिसला नाही. तात्पर्य, मातेच्या पोषणाची काळजी दिवस राहण्याच्या कितीतरी आधी, मुलीच्या वाढत्या वयातच घ्यावयास हवी.

म्हणून कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती : ‘बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल’ या भीतीने गरोदर स्त्रीचा घास कमी करू नका. घरातील सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले तिच्या वाट्यास येऊ नये. ताजी मासळी, डाळ, पालेभाजी, दूध तिच्या ताटात आधी पडावे. देणगीदारहो, आपल्या साहाय्याचा एक अंश या ताटापर्यंत पोहोचावा, हीच अपेक्षा.