मंद्र स्वरांचे वाद्य

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 1951 साली पडदे असलेली, खांद्याला अडकवून वाजविता येणारी विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि अवजड डबल बेस वाहून नेणाऱ्या वादकांची मोठीच सोय झाली. हौशी वाद्यवृंदात ड्रमचा ठेका व गायकाचा सूर यांना सांधणारे हे वाद्य, ज्याला मिरविण्याची हौस नाही परंतु लयीवर निष्ठा आहे, त्यानेच हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 34 इंची तारलांबी नवशिक्याच्या बोटांना जाचत असेल, तर 30 इंचांची निःसंकोच घ्यावी. मात्र सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असल्यामुळे साध्या गिटारच्या छोट्या ध्वनिवर्धकाला तो पेलत नाही, आवाज वाढविताच स्पीकरचा कागद फडफडू लागतो, म्हणून बेससाठीच बनविलेल्या ध्वनिवर्धकाची तजवीज आधी करावी आणि उरलेल्या रकमेत बसेल तेवढीच गिटार घ्यावी.